परिचारिकेचा मुशाहिरा

१९६२ च्या चिनी आक्रमणाने दारूगोळ्याची उणीव सरकारच्या प्रत्ययास आणून दिली, आणि दोनच वर्षांनी, १९६४ साली, भुसावळ तालुक्यातील वरणगाव येथे आयुध निर्माणी स्थापन झाली. कापसाच्या आणि केळीच्या या मुलखात केंद्र सरकारचे एक स्वतंत्र नगरच त्यामुळे वसले. काडतुसांच्या कारखान्याबरोबर वसाहत आली, शाळा आली, इस्पितळही आले. तेव्हापासून एकाच गावात दोन सरकारांच्या परिचारिका नांदू लागल्या. निर्माणीतील सिस्टर दिल्लीच्या वेतन आयोगाकडे डोळे लावून असे, तर गावातील सरकारी दवाखान्याची सिस्टर मुंबईच्या मंत्रालयाकडे. ताप तोच, सलाईन तेच, रात्रपाळीही तीच; परंतु १ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या सातव्या आयोगाप्रमाणे केंद्राच्या परिचारिकेचे मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून सुरू होते आणि राज्याच्या अधिपरिचारिकेचे ३५,४०० पासून. केंद्राकडे नर्सिंग भत्ता म्हणून दरमहा ७,२०० रुपये वेगळे ठरले, ती गोष्ट निराळीच. कुंपणाच्या एका तारेने एवढा फरक पडावा, याचे समर्थन कोणत्याही दफ्तरात सापडणे कठीण.

या व्यवसायाचा मुशाहिरा मुळातच उपेक्षित होता. १९४६ साली भोर समितीने अहवाल दिला तेव्हा साऱ्या हिंदुस्थानात परिचारिका जेमतेम ७,००० होत्या. आणि कुलीन म्हणविणाऱ्या घरांतून या कामाकडे मुली येत नाहीत याचे कारण जसे सामाजिक होते, तसेच हलाखीचे राहणे आणि तुटपुंजे वेतन हेही होते. पुढे १९५४ मध्ये शेट्टी समिती नेमून त्यांच्या सेवाशर्तींचा विचार झाला; समित्या झाल्या, सुधारणा मात्र सावकाश झाल्या.

असे असूनही कायम नोकरीतील परिचारिका सहसा परदेशी का जात नसे? १९७३ नंतर तेलाच्या पैशाने आखातात इस्पितळे उभी राहिली, राहण्याची सोय आणि करमुक्त पगार देऊ करणारे दलाल मुंबईत बसू लागले, तरी ती जागची हलली नाही. उत्तर पगारपत्रकात नाही, सेवापुस्तकात आहे. ज्या पुस्तकाच्या प्रारंभी डाव्या हाताच्या बोटांचे ठसे, उंची आणि शरीरावरची ओळखीची खूण नोंदविलेली असते, आणि ज्यात दरसाल इन्क्रिमेंटची एक ओळ साहेबांच्या सहीनिशी वाढत जाते, ते पुस्तक हीच तिची खरी मिळकत होती. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ यांतील नियम ४६ अन्वये, आणि केंद्रात १९७२ च्या नियमांतील २६ व्या नियमान्वये, राजीनामा देणाऱ्याची मागील सारी सेवा जप्त होत असे. स्वेच्छानिवृत्ती घ्यावी तर वीस वर्षे भरावी लागतात, आणि वीस वर्षे भरेपर्यंत चाळिशी उलटून गेलेली असते, मुले दहावी-बारावीत असतात. पेन्शन ही म्हातारपणाची काठी खरी, पण तारुण्यात तीच दावणीची दोरी होते, हे त्या पिढीतील पुष्कळ बायकांनी हिशेब न मांडताच ओळखले होते.

ती दोरी सरकारनेच सोडली. केंद्राने १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या नेमणुकांना जुने निवृत्तिवेतन बंद केले. त्याच २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि त्याबरोबर कंत्राटी परिचारिकांची, मानधनावरची आणि अकरा-अकरा महिन्यांच्या हुकुमांची रीतही बळावली. जिचे मागे काही जप्त होण्यासारखे राहिले नाही, ती पासपोर्ट काढणारच. मार्च २०२३ मध्ये १४ ते २० तारखेपर्यंत जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला, त्यात परिचारिकाही होत्या. त्या मागणीला केवळ पैशाचा लोभ समजणाऱ्यांनी हा इतिहास पाहिला नसावा. निर्माणीच्या कर्मचाऱ्यांची सरकारी नोकरीही पूर्वीसारखी राहिली नाही: १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून वरणगाव म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेले आणि केंद्राचे म्हणविणारे लोक एका कंपनीत मानीव प्रतिनियुक्तीवर आले.

आता जाणारी मुलगी विलायतेत काय पाहते? तिथेही सरकारी इस्पितळांचा पगार कोष्टकातच बांधलेला आहे. २००४ च्या अखेरीस लागू झालेल्या त्या व्यवस्थेत नोंदणीकृत परिचारिकेची सुरुवात बँड ५ मध्ये होते आणि २०२४-२५ मध्ये तिचा आरंभ वर्षाला २९,९७० पौंड होता. लंडन महाग म्हणून तेथे जादा भत्ता आहे, जसा आपल्याकडे घरभाडे भत्ता शहराच्या वर्गाप्रमाणे ठरतो आणि लहान गावांच्या वाट्यास सर्वांत कमी येतो. रुपयांत गुणाकार करून हरखून जाणाऱ्या आईबापांना तिथले घरभाडे, कर आणि परीक्षांचा खर्च कोणी सांगत नाही.

आखाताच्या बाबतीत मात्र २०१५ पासून दलालांना आळा घालण्यासाठी परिचारिकांची भरती सरकारी संस्थांमार्फतच करण्याचा निर्बंध आला. आणि २५ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला, त्यात परिचारिकांचाही समावेश आहे. राजीनाम्याबरोबर सारी सेवा जप्त करणारा नियम ज्या सरकारच्या पुस्तकात होता, तेच सरकार आता मुलींना जर्मन भाषा शिकवून पाठविण्याची तजवीज करीत आहे.