वस्तादाचा हात आणि सरकारी नोंदपट

सांगलीच्या हळदपेठेतल्या हमालाची पाठ धरली, म्हणजे तो पूर्वी डॉक्टरकडे जात नसे. तालमीतल्या वस्तादाकडे जाई. वस्ताद तेल लावी, अंग रगडी, निखळलेला सांधा बसवी आणि फार तर नारळ घेई. सातारा-सांगलीच्या या कुस्तीच्या मुलुखात ही विद्या गावोगाव होती. पण शरीराच्या हालचालीचे शास्त्र शिकून केवळ त्यावर पोट भरणारा माणूस येथे नव्हता. तो कसा निर्माण झाला, हा आमचा विषय. आम्ही वैद्यक शिकलेलो नाही. कामगारांचे भरपाईचे अर्ज लिहिता लिहिता या प्रश्नापाशी आलो.

1923 च्या नुकसानभरपाई कायद्याने तुटलेल्या अवयवाचा हिशेब ठरवून दिला. 2025 पर्यंत त्याच्या अनुसूचीप्रमाणे अंगठा गेला तर कमाईची शक्ती 30 टक्के गेली असे धरत. पण अंगठा जागेवर आहे आणि अर्धाच वाकतो, त्याचे काय? त्याचा आकडा डॉक्टरने ठरवावा. तो पुन्हा पुरता वाकता कोणी करावा, हे त्या कायद्याने सांगितले नव्हते. एका सूतगिरणीतल्या बाईंच्या मनगटाचा दावा आम्ही जिंकला, पेढेही वाटले. चार महिन्यांनी त्यांच्या घरी गेलो, तर भाकरी थापायला शेजारीण आलेली होती. प्लास्टर निघाले होते, पैसे मिळाले होते, मनगट मात्र ताठ होते. ते तसे राहू नये म्हणून काही करता येते, हे आम्हांलाही तेव्हा ठाऊक नव्हते.

युरोपात ही विद्या व्यायामशाळेतून दवाखान्यात गेली. पेर हेन्रिक लिंग या स्वीडिश गृहस्थाने 1813 मध्ये स्टॉकहोमला सरकारी आश्रयाने संस्था काढली आणि आजाऱ्याला व्यायाम शिकवणारे लोक तयार केले. लंडनची गोष्ट आम्हांला अधिक जवळची वाटते. मालिशच्या नावाखाली गैरप्रकार चालतात अशी ओरड झाली, तेव्हा 1894 मध्ये चार परिचारिकांनी आपली संस्था स्थापली, परीक्षा लावली, नियम केले. 1920 मध्ये त्या संस्थेला राजाची सनद मिळाली. बदनाम धंद्याला अब्रू मिळवून देण्याचे काम त्यांनी संघटनेच्या बळावर केले. आमच्या भाषेत ही युनियनच!

त्याच 1894 साली मिरजेला डॉ. वानलेस यांचे मिशन रुग्णालय उघडले आणि या भागाला शस्त्रक्रिया जवळ आली. दुसरीकडे औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी संस्थानातल्या शाळांतून सूर्यनमस्कार घालवून घेत होते. राजाने स्वतः नमस्कार घालावा आणि प्रजेला घालायला लावावा, हे दृश्य दुर्मिळच. परंतु नमस्कार धडधाकट माणसाचा. ज्याचा खांदा वर जात नाही त्याने काय करावे, याला शल्यवैद्य आणि व्यायामप्रेमी यांच्या मधला तिसरा माणूस हवा होता.

तो मुंबईत घडला. ज्यांच्या नावाचे बालभवन आज फलटणला आहे, त्या कमलाबाई निंबकर जन्माने अमेरिकन, विवाहाने मराठी. 1950 मध्ये त्यांनी के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा काढली. अपंग हाताला पुन्हा रोजच्या कामाला लावण्याची ही विद्या. 1952 मध्ये या व्यवसायाचा जागतिक संघ उभा राहिला, त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. पोलिओच्या साथीनंतर, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने, त्याच रुग्णालयात फिजिओथेरपीचीही शाळा निघाली. तिच्या लोकांचा अखिल भारतीय संघ 1955 चा. शाळा झाली, संघ झाला. सरकारी नोंदपटाला मात्र महाराष्ट्रात 2002 चा कायदा यावा लागला, आणि सबंध देशासाठी 2021 चा. पन्नास वर्षे पदवीधर आणि पाटी लावून बसलेला कोणीही भोंदू यांत कायद्याने फरक करणारे आपल्याकडे काही नव्हते.

वस्ताद या नोंदपटात कोठेच नाही. त्याचे आम्हांला वाईट वाटते, पण वकिली करवत नाही. मोडलेल्या हाडावर करकचून बांधलेल्या पट्टीने हात कायमचे गेलेले आम्ही पाहिले आहेत. तरी कोणत्या डावात कोणता सांधा कसा पिळवटतो, हे त्याला बोटांनी कळे, आणि ते कोणी लिहून घेतले नाही.

आज कराडला फिजिओथेरपीचे महाविद्यालय आहे. आमच्या हमालांची आणि ऊसतोड्यांची मुलेमुली बारावीनंतर तिकडे जायचे म्हणतात, तेव्हा आम्ही त्यांना फीबरोबर पगारही विचारायला सांगतो. खासगी रुग्णालयातल्या नवख्याचा पगार ऐकून पुष्कळांचे वडील गप्प होतात. स्वतःचा दवाखाना काढावा तर जागा, यंत्रे आणि रोगी पाठवणारे डॉक्टर लागतात. जम बसायला वर्षे जातात. एवढे शिकलेल्या या मंडळींनी वेतनासाठी मात्र अजून आपली ताकद दाखवलेली नाही. आम्ही त्यांना दोनदा बैठकीचे सुचवले. वेळ नाही, म्हणाली.

पण त्यांच्यातलीच एक मुलगी गेल्या वर्षी भल्या पहाटे पेठेत आली. तिने रिकामे पोते मागितले, आमच्या मुकादमाला ते चार वेळा उचलायला लावले आणि त्याच्या पायांकडे पाहत राहिली. पाठ दुखते म्हणून आलेल्या माणसाचे पाय का पाहता, असे त्याने विचारले. ती म्हणाली, "काका, ओझं पायांनी उचला, कमरेनं नको." मुकादम हसला. त्याच्या वस्तादाने चाळीस वर्षांपूर्वी त्याला हेच सांगितले होते.