पालीच्या अंड्यांची उबवण : माध्यमाची निवड आणि सुरक्षितता

बहुतेक पाली अंडी घालून निघून जातात. ती अंगाखाली घेऊन ऊब देण्याची पक्ष्यांची रीत त्यांच्यात नाही. अंड्याला लागणारी ऊब आणि ओल ही दोन्ही आजूबाजूची माती, खडकाची फट किंवा झाडाची साल पुरवते. पाळलेल्या पालींची पैदास करताना मातीचे हे काम पेटीतल्या एखाद्या पदार्थावर सोपवावे लागते. त्या पदार्थाला उबवण-माध्यम म्हणतात. माध्यम निवडताना पिल्लू सुखरूप बाहेर येईल की नाही, याचा विचार सर्वच जण करतात. परंतु ते हाताळणाऱ्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना त्यापासून अपाय तर नाही ना, हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. वास्तविक तो प्रथम विचारावयास हवा.

अंडे मऊ की कठीण?

सर्व पालींची अंडी सारखी नसतात. आपल्या घरात तसबिरीमागे किंवा कपाटाच्या फटीत सापडणारी पांढरी, गोल, जोडीने चिकटलेली अंडी कठीण कवचाची असतात. घालताना ती मऊ व चिकट असतात आणि हवा लागताच काही वेळात कडक होतात. कवच चुनखडीचे असल्याने आतले पाणी सहसा बाहेर जात नाही व बाहेरचे आत येत नाही. घरपाल, टोके यांसारख्या पालींच्या अशा अंड्यांना ओल्या माध्यमात पुरण्याची गरज नसते. भिंतीला किंवा काचेला चिकटलेले अंडे ओढून काढल्यास ते हमखास फुटते. म्हणून ते आहे तिथेच राहू देणे उत्तम.

लेपर्ड गेको, म्हणजे बिबट्या पाल, हिची गोष्ट वेगळी आहे. अफगाणिस्तान, पाकिस्तान व वायव्य भारत हा तिचा मूळ प्रदेश. तिच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसतात आणि डोळ्यांना हलणाऱ्या पापण्या असतात. अमेरिका व युरोपात तिची बंदिवासातील पैदास अनेक पिढ्यांपासून चालू आहे. मादी एका वेळी सामान्यतः दोन अंडी ओलसर मातीत पुरते. त्यांचे कवच चामड्यासारखे लवचीक असते आणि उबवणीच्या काळात अंडे भोवतालचे पाणी शोषून फुगत जाते. म्हणूनच माध्यमाचा प्रश्न खऱ्या अर्थाने या मऊ अंड्यांच्या बाबतीत उद्भवतो.

चांगल्या माध्यमाची लक्षणे

माध्यमाने पाणी धरून ठेवावे, पण चिखल होऊ नये. कणांमध्ये हवा खेळती राहावी, कारण वाढणारा गर्भ कवचातून श्वसन करत असतो. माध्यम कुजणारे नसावे, अन्यथा बुरशी व किडे यांना आमंत्रण मिळते. त्यात खत, कीटकनाशक किंवा क्षार मिसळलेले नसावेत. बागकामाच्या दुकानात मिळणाऱ्या काही पिशव्यांत माध्यमाबरोबर खत आधीच मिसळलेले असते. रोपांना ते उपकारक असले तरी अंड्यांसाठी अशी पिशवी घेऊ नये.

बागेतील माती या कसोट्यांना क्वचितच उतरते. तिच्यात बुरशीचे बीजाणू, माश्यांची अंडी व सेंद्रिय कचरा असतो. वाळू स्वच्छ करता येते, पण ती पाणी फार काळ धरत नाही आणि भिजल्यावर घट्ट बसते. नारळाच्या काथ्याचा भुसा, पीट व स्फॅग्नम शेवाळ ही पाणी उत्तम धरतात. मात्र ती सेंद्रिय असल्याने दोन-तीन महिन्यांच्या उबवणीत बुरशीचा धोका वाढतो. त्यामुळे पैदास करणाऱ्यांची पसंती दोन खनिजांना राहिली आहे : व्हर्मिक्युलाइट आणि परलाइट.

व्हर्मिक्युलाइट आणि लिबीचा धडा

व्हर्मिक्युलाइट हे अभ्रकासारखे पापुद्र्यांचे खनिज आहे. ते तीव्र उष्णतेत तापवले की पापुद्र्यांमधील पाण्याची वाफ होते आणि प्रत्येक कण बाजाच्या पेटीच्या भात्याप्रमाणे उलगडतो. लांबणारे हे कण अळीसारखे दिसतात. अळी या अर्थाच्या लॅटिन शब्दावरूनच त्याला हे नाव मिळाले. फुललेले व्हर्मिक्युलाइट हलके असते, कुजत नाही व पाणी भरपूर धरते.

स्वतः व्हर्मिक्युलाइट म्हणजे ॲस्बेस्टॉस नव्हे. पण काही ठिकाणी खडकात ही दोन्ही खनिजे शेजारी-शेजारी आढळतात. अमेरिकेतील मोंटाना राज्यात लिबी नावाचे छोटे गाव आहे. तेथील खाणीतून १९९० पर्यंत व्हर्मिक्युलाइट निघत होते आणि अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या या खनिजाचा बहुतांश भाग अनेक दशके याच खाणीतून येत असे. घरांच्या छतांत भरले जाणारे ‘झोनोलाइट’ही येथलेच. या साठ्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू मिसळलेले होते. कामगार ती धूळ कपड्यांवरून घरी नेत; गावकरी ते व्हर्मिक्युलाइट बागेत वापरीत; मुले त्याच्या ढिगांवर खेळत. परिणामी जे खाणीत कधी उतरलेही नव्हते, अशांनाही फुप्फुसांचे विकार जडले. १९९९ मध्ये वृत्तपत्रांनी हा विषय देशापुढे आणला. २००२ मध्ये हे गाव केंद्र सरकारच्या स्वच्छता मोहिमेच्या प्राधान्य यादीत गेले आणि २००९ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तेथे सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर केली.

ॲस्बेस्टॉसचा धोका त्याच्या सूक्ष्म तंतूंत आहे. श्वासावाटे गेलेला तंतू फुप्फुसात वर्षानुवर्षे राहतो. फुप्फुसे कडक होणे, कर्करोग, मेसोथेलिओमा हे विकार अनेकदा काही दशकांनी प्रकट होतात. आज खोकला आला नाही, म्हणून धूळ निरुपद्रवी होती असे म्हणता येत नाही.

याच संस्थेने २००० मध्ये बागकामाच्या व्हर्मिक्युलाइटची तपासणी केली. काही मालात ॲस्बेस्टॉस आढळले. तथापि सामान्य ग्राहकाला असलेला धोका अल्प असल्याचा निष्कर्ष संस्थेने काढला. त्यासोबत दिलेली पथ्ये साधी होती : व्हर्मिक्युलाइट मोकळ्या हवेत हाताळावे, ते ओले ठेवावे आणि त्याची धूळ कपड्यांवरून घरात आणू नये. पालींची पैदास करणाऱ्यालाही हीच पथ्ये लागू पडतात. त्यात आणखी एकाची भर घालावी. जुन्या घराच्या छतातून निघालेले किंवा माळ्यावर पडून असलेले, उगम ठाऊक नसलेले व्हर्मिक्युलाइट कितीही स्वस्त वा फुकट मिळाले तरी वापरू नये. ज्या मालाचा उत्पादक व खाण सांगता येते आणि जो ॲस्बेस्टॉससाठी तपासलेला आहे, तोच घ्यावा.

परलाइट आणि इतर पर्याय

परलाइट ही ज्वालामुखीतून निघालेली काच होय. तिच्यात अल्प प्रमाणात पाणी असते. सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्यावर लाह्या फुटाव्यात तशी ती फुलते आणि पांढरे, हलके, सच्छिद्र दाणे तयार होतात. परलाइटमध्ये हवा अधिक खेळते. ज्यांना व्हर्मिक्युलाइटबद्दल शंका वाटते त्यांनी परलाइट निवडावे. तरीही त्याची कोरडी धूळ डोळ्यांना व घशाला त्रास देते, म्हणून तीही उडू देऊ नये.

भाजलेल्या चिकणमातीचे दाणेही वापरले जातात. याशिवाय अंडी जाळीवर ठेवून खाली ओले माध्यम किंवा पाणी ठेवण्याची पद्धत आहे. तिच्यात अंडी माध्यमाला स्पर्शच करीत नाहीत आणि केवळ दमट हवेवर वाढतात. अतिओलीचा धोका यात कमी असतो, पण पेटीतील आर्द्रतेवर लक्ष ठेवावे लागते.

हाताळण्याची रीत

पिशवी उघडताच तिच्यात पाण्याचा फवारा मारावा आणि मगच माध्यम बाहेर काढावे. हे काम अंगणात किंवा गच्चीवर, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून करावे. स्वयंपाकघरात किंवा लहान मुलांच्या खोलीत करू नये. साधा रुमाल सूक्ष्म तंतू अडवत नाही. सांडलेले माध्यम कोरड्या झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसावे. सुकलेले जुने माध्यम पुन्हा वापरण्यासाठी चाळणे, चोळणे टाळावे.

पाणी मापाने नव्हे तर वजनाने घालावे. १०० ग्रॅम कोरड्या व्हर्मिक्युलाइटला ८० ते १०० ग्रॅम पाणी, असे प्रमाण सामान्यतः पाळले जाते. ते मुठीत दाबले असता गोळा व्हावा, पण पाणी टपकू नये. माध्यमाचा थर देऊन त्यात अंडी अर्धी बुडतील अशी ठेवावीत आणि झाकणाला बारीक छिद्रे पाडावीत. अंडी भरल्यावर संपूर्ण डबीचे वजन करून लिहून ठेवावे. अंड्यांनी शोषलेले पाणी डबीतच राहते. म्हणून पुढे जे वजन घटेल ते वाफ होऊन गेलेले पाणी. तेवढेच पाणी कडेने, अंड्यांवर न पडेल असे, भरून काढावे.

अंडे उचलताना फिरवू नये. घातल्यानंतर साधारण दिवसभरात गर्भ कवचाच्या आतल्या बाजूस स्थिरावतो आणि त्यानंतर अंडे उलटल्यास तो दगावू शकतो. वरच्या बाजूला शिसपेन्सिलीने हलकी खूण करून ठेवणे चांगले. सुरुवातीच्या काळात अंड्याला खळगा पडला तर बहुधा ओल कमी आहे असे समजावे; पिल्लू बाहेर येण्याच्या सुमारास पडणारा खळगा मात्र स्वाभाविक असतो. बुरशी प्रायः मृत किंवा अफल अंड्यांवर धरते. असे अंडे वेगळे करावे. पण ते दुसऱ्याला चिकटलेले असल्यास ओढू नये.

तापमानाचा प्रश्न

बिबट्या पालीत पिल्लू नर की मादी हे उबवणीच्या तापमानावर ठरते. २६ अंश सेल्सिअसला जवळजवळ सर्व माद्या, ३२.५ अंशांच्या आसपास बहुसंख्य नर आणि ३४ अंशांना पुन्हा बहुतेक माद्या निपजतात. त्याहून अधिक उष्णता गर्भाला घातक ठरू लागते. कमी तापमानात उबवणीला तीन महिन्यांपर्यंत, तर अधिक तापमानात सुमारे दीड महिना लागतो. ओले माध्यम तापमानातील चढउतार काहीसे सौम्य करते, परंतु त्यावर विसंबू नये. तापमापक उबवणपेटीच्या भिंतीला न लावता अंड्यांच्या पातळीवर, डबीत ठेवावा. केवळ ऊब देणारे यंत्र थंडावा देऊ शकत नाही, हेही ध्यानात असावे. ज्या खोलीचा पाराच चाळिशीला टेकतो, तेथे ते निरुपयोगी होय.

बिबट्या पालीचे सगेसोयरे महाराष्ट्राच्या रानातही आहेत. त्यांतील एका जातीला २०१४ मध्ये सातपुड्यावरून नाव मिळाले. त्यांची उबवण माती, दगड व ऊन पिढ्यान्‌पिढ्या बिनबोभाट करीत आले आहेत. ती अंडी घरी आणण्याचा मोह कोणालाही होऊ नये. जे पाळलेल्या पालींची पैदास करतात त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे : अंड्याला माध्यमाच्या नावाशी कर्तव्य नसते, त्याला हवी असते योग्य ओल, हवा आणि स्थिर ऊब. यातले काहीच कोरड्या धुळीतून मिळत नाही. माध्यम ओले राहिले तर अंडेही जगते आणि माणसाचे फुप्फुसही सुरक्षित राहते.