पाठीमागे बसलेल्यांचा आवाज

रागसंगीत ऐकणाऱ्यांमध्ये एक समज पक्का रुजलेला आहे: ध्वनिमुद्रण ऐकायचे तर स्टुडिओतले, मैफिलीतले फक्त आठवणीपुरते. स्टुडिओत सूर नेमका लागतो, कुणी खोकत नाही, माइक शिट्टी मारत नाही. मैफिलीच्या टेपवर पहिली पाच मिनिटे तानपुरेच जुळत असतात, तबल्यावर हातोडी पडत असते, आणि पुढच्या रांगेतला एखादा उत्साही गृहस्थ नको तिथे 'क्या बात है' म्हणून जातो. ऐकण्याच्या सुखापुरता हा समज खरा असेल. इतिहासाच्या बाजूने पाहिले तर तो उलटा आहे. आपल्याकडे गाणे एकट्याचे कधीच नव्हते, आणि ज्या मुद्रणातून बाकीची माणसे वगळली आहेत ते गळ्याबद्दल बरेच सांगते, गाण्याच्या रिवाजाबद्दल फार थोडे. मावळ आणि लोणावळ्याच्या पट्ट्यात हे विधान पडताळून पाहता येते.

आधी तबकडीचा हिशेब पाहू. 1902 साली कलकत्त्यात गौहर जान यांचा आवाज मुद्रित झाला, तेव्हापासून पुढची पन्नासेक वर्षे गायकाला एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटे मिळत. पाऊण तास चालणारा विलंबित ख्याल त्यात बसवायचा म्हणजे आलापी कापायची, लय चढवायची आणि तानांवर भर द्यायचा. ऐकणारा समोर नाही, तेव्हा दाद नाही. दाद नाही, तेव्हा तीच जागा फिरून वेगळ्या अंगाने घेणेही नाही. अल्लादिया खाँ आणि भास्करबुवा बखले यांनी मागे एकही तबकडी ठेवली नाही. केसरबाई केरकरांनी थोड्या दिल्या. त्यांतली भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण ती साडेतीन मिनिटे म्हणजे केसरबाईंची मैफल नव्हे. त्या यानांना चुकून कुणी भेटलाच, तर आपण गाणे थोडक्यात आटोपणारे लोक होतो अशी त्याची समजूत व्हायची! संगीत नाटकाचेही तेच झाले. बालगंधर्वांच्या काळात पद 'वन्समोअर'वर वाढत जाई आणि प्रयोग रात्र रात्र लांबे. तबकडीवर त्या पदाची चाल राहिली, प्रेक्षकांनी ते कितीदा परत मागितले याचा मागमूस राहिला नाही.

आता भाजे. मळवली स्टेशनवरून लोहगड-विसापूरकडे निघाले की डोंगराच्या कुशीत इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराची ही लेणी लागतात. दक्षिणेकडच्या विहारात, ज्याला लोक सूर्यगुंफा म्हणतात, हाताने जोडवाद्य वाजवणारी एक स्त्री आणि तिच्याजवळ नाचणारी दुसरी अशी आकृती कोरलेली आहे. तबला दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे याचा पुरावा म्हणून हे शिल्प वारंवार पुढे केले जाते. हा दावा मान्य करण्यासारखा नाही. उभ्या तोंडाची, जोडीने वाजवायची वाद्ये नाट्यशास्त्राला पुष्कर या गटात ठाऊक आहेत. आज आपण ज्याला तबला म्हणतो त्या वाद्याचा ठळक माग मात्र अठराव्या शतकातल्या दिल्लीहून मागे सरकत नाही. दगडातल्या वाद्यावर शाई होती की नाही, हे दगड सांगत नाही. तबल्याच्या वयावर वाद घालताना त्या शिल्पात जे निःसंशय दिसते तेच आपण सोडून देतो. कोरणाऱ्याने वाद्य सुटे कोरले नाही. वाजवणारी आणि नाचणारी त्याने एका चौकटीत ठेवल्या, कारण एकीच्या हाताला दुसरीच्या पायामुळे अर्थ होता. याच लेण्यांत जवळ चौदा स्तूपांचा समूह आहे आणि त्यांपैकी काहींवर धम्मगिरी, अंपिणिक, संघदिन अशा स्थविरांची नावे खोदलेली आहेत. वाजवणारीचे नाव कुठेच नाही. नोंद कुणाची ठेवायची आणि कुणाची नाही, याची निवड तेव्हाही झालेलीच होती.

विसाव्या शतकात याच परिसरात जितेंद्र अभिषेकी येऊन राहिले. गोव्यातल्या मंगेशीला 1929 साली जन्मलेले बुवा काही वर्षे लोणावळ्यात होते आणि तिथे त्यांनी गुरुकुल चालवले. पुढे ते पुण्याला गेले आणि 1998 साली तिथेच वारले. नाटकासाठी त्यांनी केलेले काम सर्वांना माहीत आहे. 'मत्स्यगंधा' 1964 सालचे, 'कट्यार काळजात घुसली' 1967 सालचे. जुन्या नाट्यपदाचा पसारा आवरून ते प्रसंगात चपखल बसेल इतके आटोपशीर त्यांनी केले. पण तेच पद मैफिलीत गाताना बुवा त्याला मोकळे सोडत. छापील शब्द तेवढेच, विस्तार मात्र त्या रात्रीचा. स्टुडिओतले पद आणि मैफिलीतले पद शेजारी ठेवून ऐकले की एकाच माणसाची दोन शास्त्रे कळतात: रंगभूमीला काय हवे आणि बैठकीला काय हवे. फक्त पहिले हाती असते, तर बुवांबद्दलचे आपले मत अर्धवट राहिले असते.

मैफिलीच्या टेपवर आणखी एक गोष्ट सापडते, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची आहे. गुरुकुलातला शिष्य गुरूच्या पाठीमागे तानपुरा घेऊन बसतो. गुरू श्वास घेतो, घोट पाणी पितो किंवा मुद्दामच थांबतो, तेव्हा शिष्याने मुखडा उचलायचा असतो. कधी तो उचलतो, कधी कचरतो, कधी एखादी जागा गुरूच्याच वळणाने घेऊ पाहतो आणि ती निम्म्यावर सोडून देतो. लगेच गुरू तीच जागा पुरी करून दाखवतो. हजार माणसांसमोर चाललेली ही शिकवणी आहे. घराणे पुढच्या पिढीत कसे उतरते, यावर आपल्याकडे लिहिले गेले भरपूर, पण त्या उतरण्याचा प्रत्यक्ष आवाज ऐकू येतो तो मैफिलीच्या मुद्रणातच. स्टुडिओत पाठीमागचा शिष्य बहुधा नसतो. पुष्कळदा तानपुराही यंत्राचा असतो.

इंद्रायणी लोणावळ्याजवळच्या डोंगरात उगम पावते आणि देहू-आळंदीकडे जाते. तिच्या काठच्या गावांत भजन ही स्वतंत्र व्यवस्था आहे. रूपाच्या अभंगाने आरंभ, पुढे गवळणी, शेवटी भैरवी हा क्रम ठरलेला. पण एका अभंगावर किती रेंगाळायचे हे ठरलेले नसते. एकाने चाल धरली की टाळकरी ध्रुवपद झेलतात, पखवाजी लय वाढवतो, दुसरा गाणारा मध्येच चाल बदलतो आणि सगळे त्याच्यामागे जातात. अमेरिकेत ज्यांना जॅम बँड म्हणतात त्यांची रीत याहून फार निराळी नाही. 1965 साली कॅलिफोर्नियात उभ्या राहिलेल्या ग्रेटफुल डेडने एकच गाणे दोन रात्री सारखे वाजवले नाही म्हणून लोक रात्रीमागून रात्री येत राहिले, आणि 1984 पासून बँडने टेप करणाऱ्या श्रोत्यांसाठी बसायची वेगळी जागाच राखली. 8 मे 1977 रोजी कॉर्नेल विद्यापीठात झालेल्या त्यांच्या कार्यक्रमाची टेप आज लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत आहे. या बँडचा ढोलवादक मिकी हार्ट आणि आपल्या माहीमचे झाकीर हुसेन यांनी 1976 साली 'दिगा' हा अल्बम केला, हा योगायोग म्हणता येणार नाही. दोघांच्याही शिस्तीत समोरच्याचे ऐकून वाजवणे होते. झाकीर ज्यात होते त्या 'शक्ती'चा पहिला अल्बमही स्टुडिओतला नाही. तो 5 जुलै 1975 रोजी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या एका महाविद्यालयात झालेल्या मैफिलीचा आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की 'लाइव्ह' म्हणून विकले जाणारे सगळेच अस्सल नसते. खरे आहे. खुद्द ग्रेटफुल डेडच्या 'युरोप 72' या गाजलेल्या अल्बमवरचे बरेचसे गायन नंतर स्टुडिओत पुन्हा मुद्रित केलेले आहे. पण खाडाखोड केलेला दस्तऐवज इतिहासकार फेकून देत नाही, खाडाखोड कुठे आहे ते शोधतो. मैफिलीच्या टेपचे दोष तर बहुतेक वेळा उघडच असतात: नव्वद मिनिटांच्या कॅसेटची बाजू पंचेचाळिसाव्या मिनिटाला संपते आणि समेवर येणारी तान तिथे गळून पडते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. गायकाची संमती नसताना केलेली टेप ही चोरी नाही का? आहे, आणि तिच्यावर धंदा करणाऱ्याची बाजू घेता येत नाही. पण संमतीने आणि रीतसरही हे काम झालेले आहे. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसने मैफिलींच्या कॅसेट काढल्या आणि मल्लिकार्जुन मन्सूरांसारख्यांचे गाणे घरोघर नेले, तेही मैफिलीच्या ऐसपैसपणासह. तिसरा आक्षेप, की मैफिलीचा माहोल टेपवर येतच नाही. सगळा येत नाही, पण थोडा येतो आणि तो बोलका असतो. 1 ऑगस्ट 1971 च्या बांगलादेश मदत कार्यक्रमाच्या अल्बमवर रविशंकर आणि अली अकबर खाँ वाद्ये जुळवताहेत आणि न्यूयॉर्कचे श्रोते त्यालाच टाळ्या देताहेत, हे ऐकू येते. त्या काळातल्या पाश्चात्त्य श्रोत्याची इतकी नेमकी नोंद कुठल्या ग्रंथात मिळणार?

शिवाय काही गोष्टी आता फक्त टेपवरच उरल्या आहेत. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरच्या ध्वनिक्षेपकाला बंदी केली. सवलतीचे मोजके दिवस मिळतात तेही मध्यरात्रीपर्यंतचेच. नियमाची गरज नाकारण्याचे कारण नाही. आजारी माणसाला झोप हवीच. पण 1953 साली सुरू झालेला पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव पहाटेपर्यंत चालत असे, आणि मालकंस, दरबारी, पुढे ललत आपापल्या वेळेला हजारोंसमोर गायले जात. रात्री दोन वाजता जागे असलेले मांडव भरून लोक आणि त्यांच्यासमोर सावकाश उलगडणारा राग, हे आजच्या तिशीतल्या श्रोत्याने ऐकायचे तर जुन्या मुद्रणावाचून मार्ग नाही.

कॅसेटची फीत कायम टिकत नाही, आणि मावळातली पावसाळी दमट हवा तर तिला मुळीच मानवत नाही. तेव्हा ज्यांच्या घरी, देवळात किंवा भजनी मंडळाच्या पेटीत अशा कॅसेट पडून आहेत त्यांनी त्या लवकर संगणकावर उतरवून घ्याव्यात. आणि डबीवर एकट्या बुवांचे नाव लिहून थांबू नये. तारीख, गाव, तबला कुणाचा, पेटी कुणाची, पखवाज कुणाचा आणि तानपुऱ्यावर मागे कोण बसले होते, तेही लिहावे. हे सांगू शकणारी माणसे आज आहेत, त्यांना आजच विचारावे.