एलिझाबेथचा किराणा दुकानदार

क्लायंटकडे जायला दर सोमवारी नेवार्क विमानतळ गाठतो, तेव्हा वाटेत एलिझाबेथ लागतं. याच गावात लोरेंझो दा पोंते किराणा विकायचा, हे कळलं तेव्हा मी थक्कच झालो. मोझार्टच्या 'फिगारो', 'डॉन जिओवान्नी' आणि 'कोझी फान तुत्ते' या ऑपेरांची संहिता लिहिणारा हा इटालियन कवी!

१७७९ साली व्हेनिसने त्याला १५ वर्षांसाठी हद्दपार केलं. व्हिएन्नात नाव झालं, लंडनमध्ये कर्ज झालं, आणि १८०५ मध्ये तो अमेरिकेत आला. पोटासाठी न्यूयॉर्क, एलिझाबेथ, मग पेनसिल्व्हेनियातलं सनबरी अशी दुकानं टाकली. धंदा काही जमला नाही. पण इटालियन शिकवणं आणि इटालियन पुस्तकं विकणं त्याने सोडलं नाही. १८२५ साली तो कोलंबिया कॉलेजात इटालियनचा पहिला प्राध्यापक झाला. १८२६ मध्ये, वयाच्या ७७ व्या वर्षी, त्याने आपला 'डॉन जिओवान्नी' न्यूयॉर्कच्या रंगमंचावर पाहिला. १८३८ साली तो तिथेच वारला.

आपल्याला कोणी हद्दपार केलेलं नाही. आपण तर हौसेने आलो. तरी माझी लेक मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते. चूक तिची नाही. शुक्रवारी रात्री दमून परतलो की रविवारची मराठी शाळा मीच बुडवायचो. आता नाही बुडवत.