टक्कल पडतंय? आधी केस कशाने जातात ते ओळखा, मग खिशात हात घाला

बिरसी (जि. गोंदिया) : लग्नाची बोलणी सुरू झाली की मुलाकडे शेती किती, नोकरी आहे का आणि डोक्यावर केस किती, हे तिन्ही पाहिले जाते. म्हणून पंचविशीतल्या पोराचे कपाळ मोठे दिसू लागले की घरचेच तेल, लेप, पावडर आणून देतात. बिरसी, कामठा परिसरातल्या आठवडी बाजारातही आणि मोबाईलवरही असल्या मालाची कमी नाही. पैसा जातो, केसही जातात. मुळात सगळी केसगळती एका जातीची नसते, हेच अनेकांना कोणी सांगितलेले नसते.

रोज ५० ते १०० केस गळणे साधी गोष्ट आहे. कंगव्यात केस दिसले म्हणून टक्कल पडणार असे नाही.

पुरुषांमध्ये सर्वात जास्त दिसते ते आनुवंशिक टक्कल. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे सरकतात, टाळूवर विरळ होतात, पण कानामागची आणि मानेवरची झालर टिकते. शरीरातल्या पुरुषी संप्रेरकापासून डीएचटी नावाचा पदार्थ तयार होतो. पुढच्या आणि टाळूच्या केसांची मुळे त्याला संवेदनशील असतील, तर दर फेरीला केस बारीक आणि आखूड उगवतो. मागच्या केसांवर त्याचा परिणाम फारसा होत नाही, म्हणून झालर राहते. हा वारसा आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो. ‘मामा टकला म्हणून भाचा टकला’ हे अर्धेच खरे. टोपी, हेल्मेट, बोअरचे पाणी यांनी हे टक्कल पडत नाही. क्षाराच्या पाण्याने केस राठ होऊन तुटतात, ते वेगळे. मुंडन केल्याने केस दाट येतात हाही समजच.

दुसरा प्रकार तापानंतरचा. टायफॉइड, मलेरिया, डेंग्यू किंवा मोठे ऑपरेशन झाले की दोन-तीन महिन्यांनी मूठभर केस गळू लागतात. ताप विसरलेला असतो, म्हणून संबंध लक्षात येत नाही. हे केस बहुतेकांचे काही महिन्यांत आपोआप परत येतात. तेल विकणाऱ्यांची खरी कमाई इथेच आहे : केस येणारच होते, श्रेय बाटलीला मिळते.

तिसरी चाई. नाण्याएवढा गुळगुळीत गोल चट्टा अचानक पडतो, कधी दाढीतही. शरीराचीच प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उलटते. गावाकडे त्यावर बिब्बा किंवा लसूण घासतात. बिब्ब्याने कातडी भाजून फोड येतात आणि खोल जखम झाली तर तिथे कायमचा डाग राहतो. चट्ट्यावर खाज, खपल्या, पू असेल तर बुरशीचा संसर्ग असू शकतो, त्याला पोटातून औषध लागते. मेडिकलमधून कोणतीही ‘खाजेची ट्यूब’ आणू नये. अनेक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असते, त्याने बुरशी दबल्यासारखी दिसते आणि पसरते.

आणि गावात एकाच वेळी अनेकांचे केस जाऊ लागले तर ती घरगुती बाब राहत नाही. डिसेंबर २०२४ अखेर आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांसह अनेक ठिकाणी पुरुष, बायका, मुले यांचे केस तीन-चार दिवसांत हातात येऊ लागले. आधी संशय पाण्यावर आणि बुरशीवर गेला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथके आली. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील जादा सेलेनियम हे कारण असल्याचा निष्कर्ष मांडला. अनेकांचे केस नंतर उगवले. अशा वेळी शाम्पू बदलत बसू नये. आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे, घरातले धान्य आणि पाणी तपासणीसाठी राखून ठेवावे.

आनुवंशिक टकलावर भक्कम पुरावा असलेली औषधे मुख्यतः दोन. पहिले मिनॉक्सिडिल, पुरुषांसाठी सहसा ५ टक्के, कोरड्या टाळूवर लावायचे. सुरुवातीला केस उलट जास्त गळतात. घाबरून बरेच जण तिथेच सोडतात. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात आणि बंद केले की मिळालेले केस काही महिन्यांत जातात. बाटली लेकरांच्या हाती लागू देऊ नये, पोटात गेले तर धोका आहे. दुसरे फिनास्टेराइड, १ मिलिग्रॅमची रोजची गोळी, डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. त्याच नावाची ५ मिलिग्रॅमची गोळी प्रोस्टेटसाठी असते, ती उचलून आणू नये. काहींची कामेच्छा कमी होते, मन उदास होते; तसे वाटले तर डॉक्टरांना लगेच सांगावे. गर्भवती बाईने तुटलेली गोळी हाताळू नये. ही गोळी चालू असताना रक्तदान करू नये.

पूर्ण गुळगुळीत झालेल्या टाळूवर मात्र या औषधांचा फार उपयोग होत नाही. तिथे उरते प्रत्यारोपण, म्हणजे मागच्या झालरीतली मुळे काढून पुढे लावणे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे, की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून ही शस्त्रक्रिया शिकल्याचे मानता येणार नाही. तेव्हा करणाऱ्याची पदवी विचारण्यात लाज कसली?

मार्च २०२५ मध्ये पंजाबमधील संगरूरला टक्कल घालवण्याच्या शिबिरात डोक्याला तेल लावून घेतलेल्या साठहून अधिक लोकांचे डोळे सुजले, त्यांना दवाखाना गाठावा लागला. औषध व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ‘अनुसूची जे’मध्ये टकलाचे नाव आहे, म्हणजे कोणतेही औषध ते बरे करते असा दावा करता येत नाही. ‘१०० टक्के गॅरंटी’ लिहिलेल्या बाटलीचा फोटो काढून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

चट्टा, अचानक गळती किंवा खाज असेल तर गोंदियातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभागात दाखवावे. आधी आलेल्या तापाची तारीख आणि चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. ज्याला काहीच करायचे नाही, त्याने केस बारीक कापावेत; तोही उपायच आहे. फक्त रोवणीला, कापणीला उघड्या टाळूवर दुपट्टा बांधावा, ऊन तिथे थेट लागते.