छताला टांगलेल्या ‘पुष्पक’ची हकिगत

शाळेच्या विज्ञान प्रयोगशाळेत छताला टांगलेले पिवळे विमान आपण सगळ्यांनी पाहिले आहे. खाली पितळी पाटीवर ‘१९८६ च्या दहावीच्या तुकडीकडून शाळेस भेट’ असे कोरले आहे. मागच्या मेळाव्यात सूत्रसंचालन करणाऱ्या मित्राने माइकवरून सांगितले की, हे विमान या तुकडीने स्वतः बनवले आणि आरेच्या तळ्यावरून उडवून दाखवले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, आणि मग घरी जाईपर्यंत मला चुटपुट लागून राहिली. त्यामुळे स्मरणिका समितीने लेख मागितला तेव्हा ठरवले की जे घडले तेवढेच लिहायचे. हे विमान आरेत कधीच उडाले नाही. आणि ते तुकडीने बनवले, हेही अर्धेच खरे आहे.

आपल्यापैकी निम्मे जण आरेतून शाळेत यायचे. पत्ता विचारला की गल्लीचे नाव नाही, ‘युनिट नंबर’ सांगायचे. आरे वसाहत १९४९ साली उभी राहू लागली ती शहरातले म्हशींचे गोठे बाहेर काढण्यासाठी. दारा खुरोडी यांची ती कल्पना. ४ मार्च १९५१ रोजी पंडित नेहरूंनी उद्घाटन केले. सुमारे १२८७ हेक्टर जमीन, ३२ तबेले आणि हजारो म्हशी. त्यांच्याही आधीपासून इथे राहणारे पाड्यांवरचे आदिवासी मात्र उद्घाटनाच्या फोटोंत फारसे दिसत नाहीत. आपल्याला आरे म्हणजे काचेच्या बाटल्या, दुधाची कार्डे, छोटा काश्मीर आणि गवताची मोठी कुरणे. त्या कुरणांवरून सांताक्रूझला उतरणारी विमाने इतकी खालून जायची की क्रिकेटचा खेळ क्षणभर थांबायचा.

विमानाचे वेड या उपनगरांना नवे नाही. जुहूचा विमानतळ १९२८ पासूनचा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाचे विमान घेऊन उतरले ते जुहूलाच. त्याही आधीची शिवकर बापूजी तळपदे यांची गोष्ट आपल्याला इतिहासाच्या सरांनी रंगवून सांगितली होती. १८९५ साली चौपाटीवर त्यांनी मानवरहित विमान उडवले, अशी. त्या उड्डाणाचा त्या काळातला भक्कम पुरावा मिळत नाही, हे मला फार नंतर कळले. तळपदे यांच्या धडपडीबद्दल आदर आहेच, पण गोष्ट सांगता सांगता उड्डाण कसे होऊन जाते, ते आमच्या विमानाच्या बाबतीत मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

आमची सुरुवात आठवीत झाली. एनसीसीच्या हवाई शाखेत काम केलेल्या आपल्या सरांनी बाल्सा लाकडाचे हाताने फेकायचे ग्लायडर आणले होते. बाल्सा इक्वेडोरचे, हलके आणि आपल्या खिशाला न परवडणारे. ते ग्लायडर एका दुपारी आरेत उंबराच्या झाडात अडकले आणि सरांची परवानगी न घेता ज्याने ते झाडावर चढून काढले, तोच या लेखाचा नायक. नाव छापू नको असे त्याने बजावले आहे. जुने मित्र ओळखतील. वडील आजारी पडले म्हणून त्याने आठवीनंतर शाळा सोडली आणि घरच्या मखरांच्या धंद्यात बसला.

२००८ च्या एप्रिलमध्ये आम्ही सातजण पुन्हा भेटलो तेव्हा सगळे चाळिशीच्या उंबरठ्यावर होतो. एकाने दुबईहून येताना रेडिओचा संच आणला होता. रेडिओवर चालणारी मॉडेल विमाने काही कालची नव्हेत. अमेरिकेत वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ च्या सुमारास तसे मॉडेल यशस्वीपणे उडवले होते. पण जुन्या संचांत दोघांची फ्रिक्वेन्सी एक झाली की एकाचे विमान दुसऱ्याच्या हातात जायचे. २.४ गिगाहर्ट्झचे संच आले आणि ती भीती गेली. संच हातात होता, विमान नव्हते. कोणीतरी म्हणाले, ‘लहान कशाला, मोठेच करू.’ असल्या वाक्यांनी किती संसार बिघडले असतील!

कोणते करायचे यावर वाद झाला नाही. शाळेच्या सहलीत जुहूला आम्ही ‘पुष्पक’ पाहिले होते. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे हे दोन आसनी विमान २८ सप्टेंबर १९५८ रोजी प्रथम उडाले. पुढे देशभरच्या फ्लाइंग क्लबांत कित्येक वैमानिक त्याच्यावर शिकले. त्या काळात तिथल्या विमानांच्या आराखड्यांची सूत्रे डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्याकडे होती. माणूस कोल्हापूरकडचा, जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केलेला. क्रिकेटपटूंची नावे पाठ असणाऱ्या आपल्या पिढीला हे नाव शाळेत कोणी सांगितले नाही, याची मला अजून रुखरुख आहे.

खऱ्या पुष्पकच्या पंखांचा पसारा सुमारे ३६ फूट. आम्ही एक चतुर्थांश प्रमाण धरले, म्हणजे ९ फूट. इथे शाळेतले गणित कामी आले. लांबी चौपट कमी केली की पंखाचे क्षेत्रफळ सोळापट कमी होते, वजन मात्र चौसष्टपट. खऱ्या विमानाचे भरलेले वजन सहाशे किलोंच्या घरात, म्हणून आमचे साडेनऊ किलोंच्या वर जाता कामा नये. आम्ही सात किलोंचे लक्ष्य ठेवले. पंखाचे क्षेत्रफळ साधारण एक चौरस मीटर होते, म्हणजे चौरस मीटरमागे सात किलो भार. ताशी ३५-४० किलोमीटर वेगाखाली ते हवेत टिकणार नव्हते. सायकल जोरात हाणावी तेवढाच हा वेग, पण नऊ फुटी वस्तू त्या वेगाने अंगावर आली तर काय होईल याचा विचार आम्ही बराच उशिरा केला.

बाल्साचा हिशेब काढला आणि तो कागद फाडून टाकला. तेव्हा आम्हाला मखरवाला मित्र आठवला. थर्माकोल हे खरे तर व्यापारी नाव. हे फुगवलेले पॉलिस्टायरीन जर्मनीत बीएएसएफ कंपनीत १९५० च्या सुमारास जन्मले, म्हणजे ते आणि आरे कॉलनी जवळजवळ एकाच वयाचे. एका घनमीटरला पंधरा-वीस किलो वजन, बाकी सगळी हवा. मुंबईने त्याचे काय केले, तर गणपतीची मखरे. महिरपी, खांब, जाळ्या, मोर. तापलेल्या तारेने थर्माकोल लोण्यासारखे कापणारे हात गिरगावापासून बोरिवलीपर्यंत गल्लोगल्ली होते. परदेशात छंदिष्ट लोक विमानांचे पंख कापायला जी युक्ती वापरतात, ती इथे श्रावण-भाद्रपदात पोटापाण्याचा धंदा होती.

त्याच्या कारखान्यात गेलो तेव्हा त्याने आराखडा बघितला आणि विचारले, ‘पंखाची वरची बाजू फुगीर आणि खालची सपाट, ती का?’ अभियंता झालेल्या आमच्या एका मित्राने पंधरा मिनिटे समजावले. तो म्हणाला, ‘म्हणजे महिरपीसारखं. टोकापर्यंत वळण मोडायचं नाही.’

पद्धत सांगतो, कारण नातवंडे विचारतात. पंखाच्या छेदाच्या आकाराचे दोन नमुने सनमायकाचे कापायचे आणि थर्माकोलच्या ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना टाचायचे. धनुष्याला ताणलेली नायक्रोमची तार ट्रान्सफॉर्मरवर तापवायची आणि दोघांनी दोन टोकांनी नमुन्यांवरून सरकवायची. तार फार तापली तर खाच मोठी पडते. थंड राहिली तर ती मध्ये ओढली जाते आणि पोटात खड्डा पडतो. दोघांचा वेगही एक हवा, म्हणून तो आकडे मोजायचा आणि समोरच्याने त्या तालावर हात चालवायचा. पहिले चार ठोकळे आमच्यामुळे वाया गेले. मग त्याने आम्हाला बाजूला केले आणि आपल्या कारागिराला समोर उभे केले.

थर्माकोलचे तावच एक मीटर लांब, म्हणून प्रत्येक बाजूचा पंख दोन तुकड्यांत झाला. सगळे कापून काट्यावर ठेवले तेव्हा नऊ फुटी पंखाचे थर्माकोल अर्धा किलोच भरले. आम्ही काटा बिघडला समजलो. ताकद आत घातलेल्या लाकडी पट्ट्यांची आणि बांबूच्या कामट्यांची. कामट्या त्यानेच तासल्या, आकाशकंदिलाचा सराव होता. वरून पातळ केलेल्या फेविकॉलात भिजवलेला खाकी कागद. पावसाळ्यात तो कागद वाळायला चार-चार दिवस लागायचे. गच्चीच्या जिन्यात पंख उभे, त्यांच्या खाली दोनशेचा बल्ब आणि शेजारणीचे पापड.

एक फजिती सांगायलाच हवी. शेपटीचा उभा पंख मजबूत व्हावा म्हणून मी उत्साहाने त्यावर फायबरग्लासचे साधे रेझिन लावले. अर्ध्या तासाने येऊन बघतो तो कागदाची रिकामी पिशवी उभी, आतले थर्माकोल विरघळून गेलेले. पॉलिएस्टर रेझिन, पेट्रोल, थिनर, फवाऱ्याचा रंग, सगळे थर्माकोलला खातात. चालते ते अ‍ॅराल्डाइटच्या जातीचे. पेट्रोलचे इंजिन सोडून विजेची मोटर घेतली, त्याचेही कारण हेच.

गच्चीवर विमान करणारे वेडे आपणच, असा आमचा समज होता. कांदिवलीच्या चारकोपमध्ये अमोल यादव या वैमानिकाने इमारतीच्या गच्चीवर खरे, माणसे बसवायचे विमान बांधले, हे आम्ही नंतर वाचले. ते क्रेनने खाली उतरवून फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ठेवले होते. आम्ही चौघे ते बघायला गेलो आणि मुकाट्याने परत आलो.

आमचे विमान नोव्हेंबर २००८ मध्ये तयार झाले. वजन सात किलो दोनशे ग्रॅम. डिसेंबरातल्या पहिल्या रविवारी आरेतल्या एका कुरणावर उडवायचे ठरले होते, आणि परवानगीचा अर्ज मी स्वतः टाइप केला होता. तो द्यायच्या आतच २६ नोव्हेंबरची रात्र आली. त्यानंतर मुंबईच्या आकाशात रिमोटवर काही उडवायचे, हा विचारही नकोसा झाला. अर्जाचा कागद अजून माझ्याकडे आहे. पोलिसांचे मनाई आदेश पुढे वेळोवेळी निघत राहिले. आजही २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाभोवतीचा पाच किलोमीटरचा पट्टा लाल आहे आणि आरेचा दक्षिणेकडचा भाग त्यात येतो. गैर काही नाही. ज्या विमानांसाठी आमचे क्रिकेट थांबायचे, ती तिथूनच उतरतात.

उड्डाण झाले ते २५ जानेवारी २००९, रविवारी, मुरबाडच्या पुढे एका मित्राच्या सासऱ्यांच्या शेताला लागून असलेल्या माळावर. रेडिओ मुलुंडच्या एका अनुभवी गृहस्थांच्या हातात होता. आमच्यापैकी कोणाच्याही हातात तो देणे म्हणजे सहा महिन्यांवर पाणी सोडणे. विमान पंचवीस-तीस पावले धावले आणि जमिनीने सोडून दिल्यासारखे वर गेले. आवाज जवळजवळ नाहीच. पिवळ्या पंखांतून सकाळचे ऊन आरपार दिसत होते आणि आतल्या कामट्यांच्या सावल्याही. आम्ही सातजण, दोन शेतकरी आणि एक कुत्रा बघत होतो. सासरे एवढेच म्हणाले, ‘परत येतंय ना?’

ते दोनदा नीट परत आले. हवेत थोडे उजवीकडे कलत होते, ते त्या गृहस्थांनी रेडिओवरून सावरून घेतले. तिसऱ्या खेपेला, चार मिनिटांनी उतरताना, वेग कमी झाला आणि जमिनीपासून हातभर अंतरावर डावा पंख एकदम पडला. चाके मोडली आणि नाक चेपले. घरी आणून मोजले तेव्हा कारण कळले. संथ वेगात पंखाची टोके आधी दगा देऊ नयेत म्हणून टोकाची मागची कड किंचित वर पिळलेली ठेवतात. उजवीकडे ती बरोबर होती, डावीकडे जेमतेम निम्मी.

मखरवाला मित्र त्या दिवशी नव्हता. चार-पाच दिवसांवर माघी गणपती होता, कारखाना कामाने भरलेला. ‘पुढच्या वेळी येतो,’ म्हणाला होता. पुढची वेळ आली नाही. आम्ही चाके दुरुस्त केली, पण बदल्या झाल्या, मुलांची दहावी आली, आणि २०११ मध्ये विमान शाळेला देऊन टाकले. पाटीचा मजकूर मीच लिहिला. ‘१९८६ च्या दहावीची तुकडी’ असे लिहिताना, तो दहावीला नव्हताच, हे माझ्या लक्षातही आले नाही. माजी विद्यार्थ्यांच्या यादीत त्याचे नाव नाही, त्यामुळे एकाही मेळाव्याचे निमंत्रण त्याला गेलेले नाही. मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिक आणि सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली. निर्णय योग्यच होता, खाडीत आणि नाल्यांत ते वर्षानुवर्षे तरंगताना आपण पाहिले आहे. पण त्याच्या तारा आणि ट्रान्सफॉर्मर तेव्हापासून माळ्यावर आहेत. आता तो पुठ्ठ्याची आणि कागदाची मखरे करतो.

यंदाच्या समितीने पाटी बदलायचे मान्य केले आहे. नव्या पाटीवर ‘पंख कापणारा’ म्हणून त्याचे नाव असेल. पाटीवर चालेल, लेखात नको, असे त्याचे म्हणणे. निमंत्रण द्यायला मी फोन केला तेव्हा त्याने आधी विचारले, विमान अजून आहे का. मग म्हणाला, ‘डाव्या पंखाच्या टोकाला पीळ कमी राहिलाय, माहितेय मला. तेव्हा नवरात्राची घाई होती. तुम्ही लोकांनी मला वारा होता म्हणून सांगितलंत.’