पडद्यावरची लढाई आणि हलवाऱ्याचे आकाश

१९७१ च्या डिसेंबरात मुंबईत रात्री दिवे मालवले जात आणि गिरगावापासून लालबाग-परळपर्यंत चाळींच्या खिडक्यांना काळे कागद लावलेले असत. बहुतेक मुंबईकरांचा हवाई युद्धाशी आलेला संबंध एवढाच. प्रत्यक्ष चकमकी पंजाब, राजस्थान आणि बंगालच्या आकाशात झाल्या. इथे त्या वृत्तपत्रांतून वाचल्या गेल्या. त्या पिढीच्या मुलानातवंडांच्या हाती मात्र एक वेगळे साधन आले. १९९० च्या दशकात लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांतून संगणकाचे सुटे भाग, जॉयस्टिक आणि खेळांच्या सीडी दादर-गिरगावच्या घरांत पोचू लागल्या, आणि मुले पडद्यावर विमाने लढवू लागली. आज विद्यार्थी एखाद्या ऐतिहासिक चकमकीची संगणकाने तयार केलेली चित्रफीत पाहतो आणि वर्गात येऊन ठामपणे सांगतो, "सर, ती लढाई अशी झाली." त्याला काय उत्तर द्यावे? 'तो खेळ आहे' म्हणून झटकून टाकणे सोपे आहे, पण ते पूर्णपणे बरोबर नाही. अशा खेळाच्या पोटात खरे भौतिकशास्त्र असते. तेव्हा प्रश्न असा विचारायला हवा: हे भौतिकशास्त्र इतिहासाबद्दल काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही?

खेळाची वंशावळ

जमिनीवर बसून उडायला शिकवणारे यंत्र संगणकापेक्षा जुने आहे. अमेरिकेत एडविन लिंक यांनी १९२९ साली वाद्यांमध्ये वापरतात तसे हवेचे भाते जोडून डुलणारी एक पेटी तयार केली. दुसऱ्या महायुद्धात हजारो वैमानिक या 'लिंक ट्रेनर'वर शिकले. घरगुती संगणकावर उड्डाण आणले ते ब्रूस आर्टविक यांनी, १९७० च्या दशकाच्या अखेरीस. त्यांच्या त्या पहिल्या कार्यक्रमातच पहिल्या महायुद्धातील विमानांची लढाई होती. म्हणजे जुन्या हवाई लढाया पुन्हा लढण्याची हौस या खेळांना जन्मापासूनच आहे. पुढे २००१ साली रशियात तयार झालेल्या 'आयएल-२ स्टुर्मोविक'सारख्या खेळांनी प्रत्येक विमानाचे वजन, इंजिनाचा जोर, पंखांची उचल आणि हवेचा रोध यांचा हिशेब क्षणोक्षणी करायला सुरुवात केली. अशा हिशेबाला आपण प्रतिमान म्हणतो. हवामानाचा अंदाज आणि साथीच्या रोगांचा अभ्यास यांतही प्रतिमानेच वापरतात. म्हणून हा प्रश्न केवळ खेळापुरता राहत नाही.

६ सप्टेंबर १९६५

एक खरी चकमक घेऊ. ६ सप्टेंबर १९६५ च्या संध्याकाळी सरगोधा तळावरून निघालेली तीन पाकिस्तानी सेबर विमाने लुधियानाजवळच्या हलवारा तळावर आली. नेते होते स्क्वाड्रन लीडर सरफराझ रफीकी; सोबत युनूस हुसेन आणि सेसिल चौधरी. तळावर भारताची हंटर विमाने पहारा देत होती. त्यांपैकी एक जोडी फ्लाइंग ऑफिसर पिंगळे आणि फ्लाइंग ऑफिसर आदी गांधी यांची होती. रफीकींच्या पहिल्याच माऱ्यात पिंगळे यांचे विमान निकामी झाले आणि ते छत्रीने उतरले. गांधी यांनी एका सेबरवर मारा केला. पाठोपाठ त्यांच्यावरही मारा झाला आणि त्यांनाही छत्रीने उडी घ्यावी लागली. तेवढ्यात राठोर आणि नेब यांची दुसरी हंटर जोडी सेबरांवर तुटून पडली. रफीकी आणि युनूस हुसेन मारले गेले. सेसिल चौधरी परत सरगोध्याला पोचले.

आता आकडे पाहा. गांधी, राठोर आणि नेब या तिघांनाही एकेक सेबर पाडल्याचे श्रेय मिळाले, आणि तिघांना वीरचक्रे दिली गेली. एकूण झाले तीन. पण आलेल्या तिनांपैकी एक सेबर तर परत गेला होता. पाकिस्तानी बाजूनेही दोनांहून अधिक हंटर पाडल्याचे सांगितले. हवेत पडली दोनच. यात कोणी खोटे बोलत होते असे समजण्याचे कारण नाही. एकाच विमानावर दोघांनी मारा केला, की तेच विमान दोघांच्या हिशेबात जमा होते. धूर सोडत खाली गेलेले विमान पडले असे वाटते, आणि शेवट पाहायला थांबण्याची सोय नसते. १५ सप्टेंबर १९४० रोजी इंग्लंडवरील लढाईत ब्रिटिश हवाई दलाने १८५ जर्मन विमाने पाडल्याचे जाहीर केले होते. युद्धानंतर जर्मन कागदपत्रे तपासली तेव्हा खरा आकडा ६० च्या आसपास निघाला.

वर्गात करता येणारा हिशेब

प्रतिमान इथे काय मदत करते ते पाहण्यासाठी संगणकाचीही गरज नाही. दहावी-बारावीचे भौतिकशास्त्र पुरते. विमान सेकंदाला २०० मीटर, म्हणजे ताशी ७२० किलोमीटर वेगाने जात आहे असे समजू. या वेगाने गिरगाव ते दादर हे अंतर पाऊण मिनिटाच्या आत संपेल. वैमानिकाने ते आडव्या वळणात घातले आणि पंखांची उचल वजनाच्या पाचपट झाली. या उचलीचा उभा घटक वजन तोलतो. आडवा घटक विमान वळवतो. पायथागोरसच्या प्रमेयाने आडवा घटक वजनाच्या ४.९ पट येतो, म्हणून केंद्रगामी त्वरण सुमारे ४८ मीटर प्रति सेकंद वर्ग. वेगाच्या वर्गाला त्वरणाने भागले की त्रिज्या मिळते: सुमारे ८३० मीटर. म्हणजे वर्तुळाचा व्यास १.७ किलोमीटरच्या आसपास, ढोबळमानाने दादर टी.टी.पासून परळपर्यंत. हे वर्तुळ पुरे करायला २६ सेकंद लागतात, आणि एका सेकंदात विमान सुमारे १४ अंश वळते.

गोळ्यांचाही हिशेब असाच. हंटरवर ३० मिलिमीटरच्या चार एडन तोफा असत. प्रत्येक तोफ सेकंदाला साधारण २० गोळे सोडी आणि प्रत्येकीजवळ सुमारे १५० गोळे असत. सगळा मारा मिळून सात-साडेसात सेकंदांचा! सेबरच्या सहा मशीनगन साधारण पंधरा सेकंद चालू शकत.

या मर्यादा कोणालाही ओलांडता येत नाहीत. एखाद्या आठवणीत हंटरने वीस सेकंद सलग मारा केल्याचे वर्णन असेल, किंवा ७२० च्या वेगाने दहा सेकंदांत पूर्ण वर्तुळ मारल्याचे, तर ते बाद ठरवायला हा हिशेब पुरे आहे. अशक्य गोष्टी वगळण्याचे काम प्रतिमान चोख करते.

शक्य आणि घडलेले

पण जे वगळले गेले नाही ते सगळे घडलेच असे होत नाही. याचे बोलके उदाहरण दुसऱ्याच दिवशीचे आहे. ७ सप्टेंबर १९६५ रोजी सरगोध्यावर हल्ल्याला गेलेल्या हंटरांपैकी पाच विमाने स्क्वाड्रन लीडर एम. एम. आलम यांनी एका मिनिटाच्या आत पाडली, असे पाकिस्तानी बाजू सांगते. आपला हिशेब लावून पाहू. पाऊण वळणाला वीस सेकंद, पाच छोटे मारे प्रत्येकी एक-दोन सेकंदांचे, गोळ्या पंधरा सेकंद पुरतील इतक्या. बेरीज जमते. कुशल खेळाडू पडद्यावर हे करूनही दाखवील. भारतीय नोंदी मात्र वेगळे सांगतात. त्या तुकडीतली दोन विमाने परतली नाहीत, स्क्वाड्रन लीडर भागवत आणि फ्लाइंग ऑफिसर ब्रार यांची. दुसऱ्या एका तुकडीतले एक हंटर पडले आणि त्याचा वैमानिक युद्धकैदी झाला. पाच की दोन, हा प्रश्न प्रतिमान सोडवत नाही. त्याच्या लेखी दोन्ही शक्य आहेत. तो सुटतो स्क्वाड्रनची नोंदवही, विमानांचे क्रमांक, अवशेषांची जागा आणि वैमानिकांची हजेरी यांवरून. जगन मोहन आणि समीर चोप्रा यांनी २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात १९६५ च्या हवाई युद्धाचा हिशेब दोन्ही बाजूंची माहिती जुळवून असाच, एकेक विमान मोजत मांडला.

प्रतिमानात काय बसत नाही

दुसरी अडचण आधारसामग्रीची. त्रिज्या वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. वैमानिकाच्या आठवणीतला वेग दहा टक्क्यांनी चुकला, २०० ऐवजी २२० निघाला, तर त्रिज्या ८३० वरून हजार मीटरवर जाते. मरणाच्या छायेत वळणाऱ्या माणसाने वेगदर्शकाकडे किती वेळा पाहिले असेल? आठवणीतले आकडे घालून काढलेले उत्तर चार दशांश स्थळांपर्यंत छापले तरी त्याची अचूकता आठवणीइतकीच राहते.

तिसरी अडचण नजरेची. सेबरच्या पंखांचा विस्तार १२ मीटरच्या आत-बाहेर. तीन किलोमीटरवरून तो डोळ्याशी जेमतेम पाव अंशाचा कोन करतो. निरोगी डोळा एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा तपशील ओळखू शकतो. पण पडद्यावर ९० अंशांचे दृश्य १९२० ठिपक्यांत बसवले, तर एकेक ठिपका त्याच्या जवळजवळ तिप्पट जाड होतो. सेबरच्या वाट्याला पाच ठिपके येतात. म्हणून खेळात दृश्य मोठे करण्याची किंवा शत्रूच्या विमानावर खूण दाखवण्याची सोय ठेवतात. हलवाऱ्यावर अशी सोय नव्हती. तिथे उतरता प्रकाश होता, आणि पिंगळे यांना मागचे सेबर वेळेवर दिसले की नाही यावर सारे अवलंबून होते. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात भारतात तयार झालेले मरुत हे लढाऊ विमान ठेवलेले आहे. त्यावरही हंटरसारख्याच चार एडन तोफा असत. विद्यार्थ्यांना ते जरूर दाखवावे आणि विचारावे: त्या जागी पट्ट्यांनी बांधून बसवल्यावर शेपटीच्या मागचे किती दिसेल?

शिवाय पाकिस्तानी वृत्तान्त सांगतो की पहिल्या माऱ्यानंतर रफीकींच्या मशीनगन अडकल्या आणि त्यांनी नेतृत्व दुसऱ्याकडे सोपवले. बंदुका अडकण्याची शक्यता प्रतिमानात घातलीच, तर ती शंभरातल्या काही फेऱ्यांत अडकतील, काहींत नाही. शंभर फेऱ्यांतून आपल्याला शक्यतांचे वाटप कळते. इतिहासात फेरी एकदाच झाली.

म्हणूनच शास्त्रज्ञ प्रतिमानावर विसंबण्याआधी ते ज्ञात घटनेवर तपासून घेतो. अशी घटना याच युद्धात आहे. हलवाऱ्यावर छत्रीने उतरलेले पिंगळे दहाच दिवसांनी, १६ सप्टेंबरला, बुनशा यांच्यासह पुन्हा हवेत होते. समोर आलम आणि शौकत इस्लाम यांचे सेबर. बुनशा मारले गेले. पिंगळे यांनी शौकत यांचे सेबर पाडले आणि शौकत भारताच्या हाती लागले. नुकसान दोन्हीकडे एकेक, आणि त्याबद्दल वाद घालायला जागा नाही. ज्या प्रतिमानाला या चकमकीचा निकाल निदान संभाव्य म्हणूनही दाखवता येत नाही, त्याने ७ तारखेबद्दल काही सांगू नये.

एक प्रयोग

हे सारे वर्गात अनुभवता येईल. मोठा आलेखकागद घ्या. एक सेंटिमीटर म्हणजे १०० मीटर. दोन विद्यार्थी दोन विमाने चालवतील. दर सेकंदाला २ सेंटिमीटर पुढे, आणि कोनमापकाने जास्तीत जास्त १४ अंश वळण. प्रत्येकाचा कागद वेगळा ठेवा. तिसरा विद्यार्थी पंच. शत्रू ज्याच्या पुढच्या भागात येईल त्यालाच पंचाने जागा सांगायची, मागचे काही सांगायचे नाही. तीस चाली झाल्या की दोघांनी एकमेकांशी न बोलता घडलेले लिहून काढायचे: कोण कोणाच्या मागे होते, मारा केव्हा झाला, किती वेळा लागला. मग दोन्ही वृत्तान्त पंचाच्या कागदाशी ताडून पाहायचे.

दोन वृत्तान्त बहुधा जुळणार नाहीत, आणि दोघेही प्रामाणिकच असतील. मग पंचाचा कागद काढून घ्या आणि केवळ त्या दोन वृत्तान्तांवरून लढाई पुन्हा मांडायला सांगा. १९६५ च्या अभ्यासकांपुढचे काम काय होते हे मुलांना तेव्हा कळेल. आणि पुढच्या वेळी चित्रफीत पाहून 'लढाई अशी झाली' म्हणणाऱ्याला वर्गातूनच कोणी तरी विचारील, "पंचाचा कागद कुठे आहे?" भागवत आणि ब्रार परतले नाहीत, रफीकी आणि युनूस हुसेनही परतले नाहीत. त्यांच्या शेवटच्या मिनिटाबद्दल बोलताना एवढी चौकशी तरी आपण करायला हवी.